'आत या' म्हणणारे आपणच!

पूर्वीच्या चोराला फार कष्ट पडत. अंधारी रात्र पाहावी लागे, कुत्र्याची समजूत घालावी लागे, भिंतीला भोक पाडावे लागे. आणि एवढे करून हाती काय लागणार, तर तांब्याची चार भांडी आणि नशीब असेल तर फडताळातली पुतळ्यांची माळ. हल्लीचा चोर असले कष्ट घेत नाही. तो हजारो मैलांवर खुर्चीत बसलेला असतो. आपल्या दारी तो येतो तो भरदिवसा, दार वाजवून आणि कधी बँकेचा, कधी आयकर खात्याचा, कधी कुरिअरवाल्याचा वेष घालून. आपणही असे भाबडे की 'कोण आहे?' एवढेही न विचारता कडी काढतो आणि 'आत या' म्हणतो.

आत आल्यावर हा चोर बहुधा घरातले काही नेत नाही, ही त्यातली विलक्षण गोष्ट. वस्तू जागच्या जागी राहतात. तो फक्त प्रत्येक कपाटाला स्वतःचे कुलूप ठोकतो आणि मेजावर एक चिठ्ठी ठेवतो : किल्ली हवी असेल तर इतके पैसे, इतक्या दिवसांच्या आत. संगणकाच्या जगात या कुलूपवाल्या प्रोग्रॅमला 'रॅन्समवेअर' म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. आणि ज्या लबाड पत्राचे बोट धरून तो बहुधा आत येतो, त्या पत्राच्या धंद्याला 'फिशिंग' असे नाव आहे.

हे ऐकून पुष्कळ गृहस्थ निश्चिंतपणे म्हणतात, "आमच्या घरच्या संगणकात चोरण्यासारखे आहेच काय? चोराला जायचे असेल तर टाटा-बिर्लांकडे जाईल." वरवर पाहता हे बोलणे शहाणपणाचे वाटते. पण त्यात एक मोठी चूक आहे. त्या संगणकात चिरंजीवांच्या बारशापासून मुंजीपर्यंतचे फोटो असतात. कन्येचा अर्धा झालेला प्रबंध असतो. सोसायटीचे हिशेब, आईच्या औषधांच्या नोंदी, आयकराची विवरणे, कुणा मावशीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या असतात. बाजारात या मालाला कवडीची किंमत नाही, हे खरे. पण घरगुती संगणकाच्या मागे लागलेला खंडणीखोर बहुधा बाजारात विकायला काही नेत नाही. तो तुमची वस्तू तुम्हालाच विकतो! तेव्हा तिची बाजारात किंमत काय हा प्रश्नच नसतो. तुम्हाला तिची किंमत किती, एवढाच प्रश्न असतो. म्हणून या चोराला राजवाडा आणि दोन खोल्यांचा फ्लॅट सारखाच.

खंडणीचा पूर्वेतिहास

हा धंदा कालपरवाचा नाही. १९८९ च्या डिसेंबरात सुमारे वीस हजार फ्लॉपी डिस्क टपालाने निरनिराळ्या देशांतील लोकांच्या घरी जाऊन पडल्या. त्यांवर एड्स या रोगाची माहिती असल्याचे लिहिले होते. एका संगणकविषयक मासिकाचे वर्गणीदार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला गेलेली मंडळी यांच्या पत्त्यांवर त्या धाडल्या होत्या. विषय गंभीर, पाकीट नेटके. लोकांनी डिस्क संगणकात घातली. पुढे संगणक सुमारे नव्वद वेळा सुरू झाला की त्यातल्या फाइलींची नावे अगम्य होऊन जात आणि पडद्यावर मागणी येई : पनामातील अमुक टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा. या उद्योगाबद्दल जोसेफ पॉप नावाच्या एका जीवशास्त्रज्ञाला अटक झाली. पण मनःस्थिती ठीक नसल्याच्या कारणावरून त्याच्यावरचा खटला उभा राहू शकला नाही.

पॉपचे कुलूप मात्र कच्चे होते. ज्या किल्लीने ते लावले तीच किल्ली प्रोग्रॅमच्या पोटात दडलेली होती. ब्रिटनमधल्या जिम बेट्स या जाणकाराने ती शोधून काढली आणि लोकांना उतारा मोफत दिला. पुढच्या खंडणीखोरांनी ही उणीव भरून काढली. १९७० च्या दशकात गणितज्ञांनी एक अजब कुलूप शोधून काढले होते. ते एका किल्लीने लागते, पण त्याच किल्लीने उघडत नाही. उघडण्याची किल्ली वेगळीच असते. आपले बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात ते याच विद्येमुळे. चोराने तीच विद्या उचलली. तो लावायची किल्ली आपल्या घरी पाठवतो आणि उघडायची स्वतःच्या खिशात ठेवतो. मग आपल्या घराचा कोपरा न् कोपरा धुंडाळला तरी ती कशी सापडावी?

एवढे झाले तरी पैसे घ्यायचे कसे, ही अडचण होती. टपालपेटीवर पोलीस पाळत ठेवतात. बिटकॉइनसारख्या चलनाने तीही दूर केली. २०१३ च्या सप्टेंबरात 'क्रिप्टोलॉकर' आला, त्याने ही तिन्ही अंगे एकत्र केली : ईमेलचे पत्र, दोन किल्ल्यांचे कुलूप आणि बिटकॉइनची खंडणी. मुदत ७२ तास. आणि तो आत कसा आला? तर पार्सलची पावती किंवा ग्राहकाची तक्रार म्हणून पत्रासोबत जोडलेल्या एका फाइलीतून. ती फाइल घरोघरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने उघडली.

या एका वाक्यावर आपण थोडे थांबू या. कारण संगणकाच्या सुरक्षिततेविषयी जे काही लिहिले जाते त्यातल्या बहुतेक सर्व गोष्टी यंत्राविषयी असतात आणि दार उघडणारा हात मात्र माणसाचा असतो.

गळ टाकणारा आणि गळ घालणारा

'फिशिंग' हा शब्द मासे पकडण्यावरून आला. मराठीत त्यासाठी फार लांब जायला नको. 'गळ टाकणे' आपल्याकडे आहे, 'गळाला लागणे' आहे, आणि 'गळ घालणे' म्हणजे पिच्छा पुरवून आग्रह करणेही आहे. हे लबाड पत्र दोन्ही करते. ते गळ टाकते आणि गळ घालतेही.

भाषा शिकवण्याच्या व्यवसायामुळे पत्रे बारकाईने वाचायची मला सवय आहे. ही पत्रे ओळीने मांडून पाहिली तर त्यांचे व्याकरण अगदी मोजके दिसते. त्यांत चारच रस असतात. पहिला भय : 'आपले खाते आज रात्री बंद होईल', 'आपल्या नावे नोटीस निघाली आहे'. दुसरा लोभ : 'आपला आयकराचा परतावा मंजूर झाला आहे', 'दिवाळीनिमित्त भेट'. तिसरा अधिकार : वर राजमुद्रा, खाली कुणा मोठ्या अधिकाऱ्याची सही. आणि चौथा, या तिघांनाही वेसण घालून हाकणारा, तो म्हणजे घाई. क्रियापद आज्ञार्थी आणि त्यापुढे 'ताबडतोब', 'आजच', 'चोवीस तासांत'. ही घाई काढून घेतली तर उरलेले पत्र एखाद्या शाळकरी मुलालाही फसवू शकणार नाही. कारण चोराला एकाच गोष्टीची भीती वाटते, ती म्हणजे तुम्ही पाच मिनिटे थांबाल आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचाराल.

आणखी एक गोष्ट मराठीच्या मास्तराने जड अंतःकरणाने सांगायला हवी. शुद्धलेखनावरून चोर ओळखण्याचा काळ आता संपला. पूर्वी अशा पत्रांत 'आपली खाता बंद केली गेली आहे' असली वाक्ये येत आणि आपण हसून पत्र फेकून देत असू. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे क्षणार्धात सफाईदार मराठी लिहून देतात. पत्रातले ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहेत, म्हणून लिहिणारा सज्जन आहे असे आता समजू नये.

मग ओळखायचे कशावरून? पत्त्यावरून.

पत्ता उजवीकडून वाचा

आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी नाव, मग घर, मग पेठ आणि शेवटी गाव लिहितो. पत्र कुठे जायचे हे ठरते ते शेवटच्या ओळीवरून. 'सदाशिव पेठ' असे मधल्या ओळीत कितीही ठळक लिहिले आणि खाली 'मु. पो. नागपूर' लिहिले, तर पत्र पुण्याला जाणार नाही.

संकेतस्थळाचा पत्ता असाच असतो. त्यात 'एचटीटीपीएस'च्या पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकेरी तिरकी रेघ येईल तिथे थांबा, आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे, वाचत या. उजवीकडचे शेवटचे दोन-तीन शब्द म्हणजे गाव. बाकीचा मजकूर म्हणजे पेठ. चोर गाव बदलू शकत नाही, म्हणून तो पेठेत हवे ते लिहितो. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' एवढेच असून पुढे रेघ आली, तर ते सरकारी ठिकाण आहे, कारण 'गव्ह डॉट इन' हे गाव फक्त सरकारला मिळते. पण त्याच शब्दांच्या पुढे आणखी एक टिंब आणि 'अमुकसेवा डॉट कॉम' असे लांबण आले, तर ते अमुकसेवावाल्याचे घर. आयकर खात्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने ग्राहकांची मोठी सोय केली. तिने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर हलवायला सांगितले. हा शेवट बँकांखेरीज दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. बँकेचा पासवर्ड देण्यापूर्वी तेवढे शेवटचे शब्द वाचायला दोन सेकंदे लागतात.

पत्र पाठवणाऱ्याचा पत्ताही असाच तपासावा. '@' या चिन्हाच्या पुढचा भाग म्हणजे गाव. मोबाइलवर बहुधा नुसते नाव दिसते. नावावर बोट ठेवले की खरा पत्ता उघडा पडतो. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा रंगवता येतो, आणि ओळखीच्या माणसाचे खाते चोराच्या हाती गेले असेल तर खऱ्या पत्त्यावरूनही खोटे पत्र येते. तसेच पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रावर विसंबू नये. वाटेत कुणी बोलणे ऐकत नाही, एवढेच ते सांगते. ज्याच्याशी बोलतो आहोत तो सज्जन आहे, असे ते सांगत नाही.

म्हणून सर्वांत सोपा नियम असा : पत्रातल्या वाटेने जाऊ नये, आपल्या पायवाटेने जावे. बँकेचे पत्र आले, तर त्यातल्या दुव्यावर बोट न ठेवता बँकेचा पत्ता स्वतः लिहून उघडावा, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर विचारावे. भाच्याचे पत्र आले आणि त्यात न सांगता-सवरता काही जोडले असेल, तर भाच्याला फोन करावा. तेवढ्या निमित्ताने त्याची खुशालीही कळेल.

जोडलेल्या फाइलींविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. विंडोज आपल्या सोयीसाठी फाइलीच्या नावाचे शेपूट दडवून ठेवते. त्यामुळे 'पावती.पीडीएफ.ईएक्सई' असे नाव असलेली वस्तू 'पावती.पीडीएफ' म्हणून मिरवते. पीडीएफ हा कागद असतो. ईएक्सई हा कागद नसतो, तो हुकूम असतो. तेव्हा फाइलींच्या खिडकीतल्या 'व्ह्यू' या ठिकाणी जाऊन शेपटे दाखवण्याची खूण आजच करून ठेवावी. आणि वर्ड किंवा एक्सेलची एखादी फाइल उघडताच 'मजकूर दिसण्यासाठी अमुक बटण दाबा' असा आग्रह करू लागली, तर ती तशीच बंद करावी. साध्या कागदाला वाचण्यासाठी परवानगी लागत नाही.

गुरुजींच्या आठवणी

चोर नेहमी पत्रातूनच येतो असे मात्र नाही. फुकटाच्या ओढीनेही आपण त्याला घरी आणतो. आमच्या वसाहतीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सारे त्यांना गुरुजी म्हणतात. पत्नी गेल्यावर त्यांनी दोन गोष्टी आरंभल्या. जुने फोटो एकेक करून स्कॅन करायचे आणि आठवणी टंकलिखित करायच्या. सहा वर्षे हे काम चालले होते. २०२१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत नातू आला. फोटो स्वच्छ करण्याचा एक महागडा प्रोग्रॅम त्याने आजोबांसाठी कुठून तरी फुकटात उतरवून घेतला. तो चालू करायला संगणकाचा विषाणूरक्षक थोडा वेळ बंद करावा, अशी तिथेच सूचना होती. मुलाने ती पाळली.

थोड्याच वेळात फाइलींच्या नावांना विचित्र शेपटे फुटली आणि प्रत्येक कप्प्यात एकेक चिठ्ठी दिसू लागली : ९८० डॉलर; ७२ तासांत दिले तर निम्मे, ४९०. 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाने ओळखली जाणारी ही जात २०१८ पासून जगभर घरगुती संगणकांच्याच मागे लागलेली होती, आणि ती पसरत होती मुख्यतः अशाच चोरट्या प्रोग्रॅमांतून. मुलगा घाबरला. दिवसभर तो कुणाशी बोलला नाही. आपले आपणच काही जमते का पाहू लागला. फोटोंची दुसरी प्रत असलेला पेन ड्राइव्ह त्याने मोठ्या आशेने त्याच संगणकाला लावला, आणि त्यालाही कुलूप लागले.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले. गुरुजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अरे बाळ, गेले ते गेले. पण काल का नाही सांगितलेस?"

"तुम्ही रागवाल म्हणून, आजोबा."

२०१९ च्या ऑक्टोबरात एम्सिसॉफ्ट या कंपनीने या जातीच्या शंभराहून अधिक प्रकारांसाठी मोफत उतारा दिला होता. पण गुरुजींकडचे कुलूप त्यानंतरच्या नव्या तऱ्हेचे निघाले. आठवणींपैकी शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे छापून दिलेली चाळीस पाने तेवढी उरली. फोटोंपैकी काही नागपूरच्या मुलीकडे होते. बाकीचे अजून त्या संगणकात आहेत, सारे जागच्या जागी आहेत, आणि दिसत मात्र नाहीत.

ही गोष्ट गुरुजींच्या परवानगीने सांगितली, ती चोराच्या कर्तबगारीसाठी नव्हे. तो पेन ड्राइव्ह वाचला असता. एका दिवसाच्या मौनाने तो गेला. आपल्या घरांत चूक झाली की आधी आवाज चढतो, आणि मग चुका बंद होत नाहीत, चुका सांगणे बंद होते. मुले सांगत नाहीत, म्हातारी माणसे सांगत नाहीत, आणि पुष्कळदा घरातले कर्ते पुरुष तर मुळीच सांगत नाहीत. चोराला याहून सोयीचे घर कुठले? म्हणून विषाणूरक्षकाच्याही आधी घरात एक ठराव व्हायला हवा : ज्याच्या हातून काही उघडले गेले त्याने त्याच मिनिटाला हाक मारावी, आणि हाकेला धावणाऱ्याने त्या दिवशी एकही कठोर शब्द बोलू नये.

घानात वीज गेली होती म्हणून

आता दुसरा प्रश्न. एवढे करूनही चोर आत आलाच तर? याचे उत्तर एका फार मोठ्या घराण्याच्या अनुभवातून घेऊ.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने बाहेर पडला आणि काही तासांत जगभर पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही अवाढव्य जहाज कंपनी त्यात सापडली. आपल्या नाव्हा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या समूहाकडचे टर्मिनलही अडले आणि माल खोळंबला. या प्रोग्रॅमने खंडणी मागितली खरी, पण ती बतावणी होती. त्याची किल्ली कुणाकडेच नव्हती. पैसे देणाऱ्यांनाही काही परत मिळणार नव्हते.

मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. पण त्यांत एक नोंदवही अत्यावश्यक होती : कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला काय अधिकार आहेत, याची. तिच्या प्रती जगभर अनेक ठिकाणी होत्या. पण त्या एकमेकींना सतत जोडलेल्या होत्या, म्हणून एकीबरोबर साऱ्या गेल्या. फक्त एक उरली, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यातून सुटलेले होते! त्या एका प्रतीवरून एवढे मोठे घर पुन्हा उभे राहिले.

प्रतींची संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा यातला धडा आहे. जी प्रत तुटलेली असते, जोडलेली नसते, तीच वाचते. घरोघरी लोक म्हणतात, "आमची प्रत आहे की! हार्ड डिस्क संगणकाला लावूनच ठेवली आहे." ती प्रत नव्हे, ते त्याच खोलीतले दुसरे कपाट झाले. दैवाने घानाची वीज घालवली, तसे आपण स्वतःच्या हाताने करायचे आहे. एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत बाहेरची हार्ड डिस्क मिळते. ठरावीक वारी ती जोडावी, प्रत घ्यावी आणि लगेच काढून कपाटात ठेवावी. शक्य असेल तर दुसरी प्रत दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे असावी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेले सूत्र ध्यानात ठेवायला सोपे आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. इंटरनेटवरच्या साठवणीत बिघडलेल्या फाइलीही आपोआप चढतात, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. आणि वर्षातून दोनदा तरी प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडलेली प्रत आणि न मोजलेले पैसे यांचा भरवसा धरू नये.

घरची बाकीची व्यवस्था

प्रत आणि सावध वाचन हे दोन मुख्य खांब. बाकीची कामे एका दुपारची आहेत.

पहिले काम सुधारणांचे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर आला, तेव्हा त्याला पत्राचीही गरज लागली नाही. विंडोजमधल्या एका भोकातून तो यंत्रामागून यंत्रात शिरत गेला. दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक त्याने अडवले. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रोग्यांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. ते भोक बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेली होती! तेव्हा 'संगणक पुन्हा सुरू करा' असा निरोप आला की 'उद्या पाहू' म्हणू नये. विंडोज १० ची नेहमीची सुधारणासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दुसरे, रोजच्या कामासाठी संगणकात साधे खाते असावे. मालकी हक्काचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे, वेगळे ठेवावे. नोकराच्या हाती सगळ्या किल्ल्यांचा जुडगा आपण देत नाही. मग घाईत चुकणाऱ्या आपल्याच हाताला तरी तो रोज का द्यावा? तिसरे, विंडोजचा स्वतःचा विषाणूरक्षक चालू ठेवावा. त्यातच 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' नावाची एक सोय असते. ती बहुधा बंद असते. ती चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमांना आपल्या कागदपत्रांच्या कप्प्यांत लिहिता येत नाही. चौथे, ईमेलचा पासवर्ड लांब आणि इतरांहून वेगळा असावा, आणि त्याला दुहेरी पडताळणी जोडावी. कारण बाकीच्या साऱ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची पत्रे त्याच पेटीत येतात. पाचवे, 'फुकट' म्हणून मिळणारा चोरीचा प्रोग्रॅम घरात येऊ देऊ नये. प्रामाणिकपणे मोफत असलेले कितीतरी प्रोग्रॅम आहेत, ते त्यांच्या मूळ ठिकाणाहून घ्यावेत.

कुलूप लागलेच तर

आधी इंटरनेटची तार काढावी, वायफाय बंद करावे आणि जोडलेली प्रत्येक डिस्क सोडवावी. जोडणी तोडता येत नसेल तर सरळ यंत्र बंद करावे. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढावा. कुलूप लागलेल्या फाइली पुसून टाकू नयेत. आज किल्ली नसली तरी पुढे कधी मिळू शकते. क्रिप्टोलॉकरच्या किल्ल्या २०१४ मध्ये पोलिसांच्या कारवाईनंतर हाती आल्या आणि लोकांना मोफत मिळाल्या. युरोपोल, डच पोलीस आणि काही कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोर रॅन्सम' या संकेतस्थळावर असे उतारे विनामूल्य मिळतात. तिथे दुसऱ्या संगणकावरून जाऊन पाहावे. महत्त्वाचे पासवर्डही दुसऱ्याच यंत्रावरून बदलावेत.

खंडणी देऊ नये. नैतिकतेची गोष्ट बाजूला ठेवली तरी हा व्यवहारच बुडीत आहे. पैसे घेऊन किल्ली देईलच अशी चोराच्या शब्दाची हमी कोण घेणार? आणि एकदा देणारा गिऱ्हाईक म्हणून आपले नाव त्याच्या वहीत चढते, ते निराळेच.

तक्रार मात्र जरूर करावी. केंद्र सरकारचे सायबर गुन्ह्यांचे संकेतस्थळ 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' हे आहे. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. तक्रार करताना लाज वाटू देऊ नये. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'सारख्या रुग्णालयाचे सर्व्हर असेच अडवले गेले आणि तिथल्या डॉक्टरांना कितीतरी दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. जिथे एवढी मोठी संस्था सापडली, तिथे आपल्या हातून एक चुकीचे बोट पडले, यात आपल्या अब्रूला कमीपणा येण्यासारखे काही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे व्यापारी नवी वही घालतात. मध्यमवर्गीय घराची वही आता संगणकात आहे, तर तिचेही काही नवे व्हावे. फराळ झाल्यावर घरातल्या साऱ्यांनी अर्धा तास एकत्र बसावे. आजीच्या मोबाइलवर आलेले एखादे 'ताबडतोब'वाले पत्र सर्वांनी मिळून उजवीकडून वाचावे. फोटोंची एक प्रत डिस्कवर उतरवून घ्यावी, डिस्क सोडवून दागिन्यांच्या शेजारी ठेवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. आणि भाऊबिजेला बहीण येईल तेव्हा ओवाळणीबरोबर दुसरी प्रतही तिच्या पिशवीत घालावी.